बांधावरचं तण

९ फेब्रुवारी

दादा,

मायना काय लिहावा हे ठरेना, म्हणून नुसतं दादा. फोन तू उचलत नाहीस. उचलावास असा माझा आग्रहही नाही. बाबांच्या मागे रोपवाटिका सोडून मी इकडे आले, त्यावर तुला जे म्हणायचं होतं ते तू तेव्हाच म्हणालास. पण हे कामाचं आहे. वहिनीकडून निरोप धाडला तर अर्धं वाटेत सांडेल.

आमच्या कृषी संशोधन केंद्राच्या चाचणीच्या शेताला लागून बाईंचं शेत आहे. आपल्याच बाई, शाळेतल्या, तुला सारखं वर्गाबाहेर उभं करणाऱ्या. निवृत्त झाल्यावर इकडे जमीन घेऊन टोमॅटो लावतात. गेल्या आठवड्यात त्या केंद्राच्या फाटकावर आल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "आत कुणी झाडांचा डॉक्टर असला तर पाठव. नसला तर सगळे नुसते पगारी आहेत असं मी समजते." केंद्रप्रमुखांनी मला पाठवलं.

शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलेली, अरुंद झालेली. शिरा एकमेकींना समांतर. कोवळे देठ पिळवटलेले. बांधाजवळच्या ओळींत जास्त, पलीकडे कमी. मी चुरडामुरडा असल्याचं सांगितलं, म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरतो तो विषाणू. त्याला औषध नाही, झाडं उपटून नष्ट करावी लागतात, हेही सांगितलं. शेजारचे दोन शेतकरी ऐकत होते.

मग रोपं कुठून आणली, असं विचारलं. हा प्रश्न विचारावाच लागतो. बाई म्हणाल्या, "आणणार कुठून? तुझ्या भावाकडून. दुसरीकडून आणली असती तर तो रुसला असता, वर तूही."

तेव्हा मला कळलं की रोपं तुझी आहेत. आधी माहीत नव्हतं.

तू घाबरू नकोस. नेट कुठे फाटलंय का बघ. पिवळे चिकट सापळे लाव. शंका येईल ते ट्रे बाजूला काढ. फाटकाशी एक पसरट ट्रे ठेवून त्यात जंतुनाशकाचं पाणी घाल. आत येणाऱ्या प्रत्येकानं बूट बुडवूनच यायचं. विषाणू बुटावरून येत नाही, पण बाकी बरंच काही येतं, आणि एकदा शिस्त लागली की लागते. ओळखीच्यांनाही सूट देऊ नकोस. ओळखीचेच जास्त घेऊन येतात.

आमची फवारणी त्याच सुमारास झाली होती, त्यावरून कुणी काही बोललं तर तुला माहीत असावं म्हणून लिहिते. संध्याकाळी झाली, वारा मोजून झाली. यंत्रावर शून्य होता. नोंदीवर सही माझी आहे.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी बहीण

१८ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तू सगळी रोपं जाळलीस असं ती म्हणाली. टोमॅटोच नाही, मिरची आणि वांगीही.

मी असं लिहिलं नव्हतं. शंका येईल ते ट्रे बाजूला काढ, असं लिहिलं होतं. पत्राची नक्कल माझ्याकडे नाही, पण शब्द लक्षात आहेत. वहिनीला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "शंका कशी येते ते त्यांना कुठं कळतं? तू सांगितलंस म्हणजे सगळ्यावरच शंका. फोन उचलत नाहीत म्हणून काय झालं, पत्र उशाशी घेऊन झोपतात."

मग म्हणाली की लोक नेलेली रोपं परत आणून फाटकावर ठेवून जातायत. हाक मारत नाहीत, मेलेलं मांजर टाकून जावं तशी ठेवतात. आणि कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, की तिथं रोग विकत मिळतो, रोपं वर फुकट. वहिनी हे सांगताना हसली. मला हसू आलं नाही, म्हणून तीही थांबली.

तिनं आणखी एक विचारलं. "खरं सांग, तुमच्या त्या इंजेक्शन दिलेल्या सोयाबीनमुळं तर झालं नाही ना हे?" तिला सांगितलं ते तुलाही सांगते, कारण तुमच्याकडेही लोक विचारत असतील. इंजेक्शन वगैरे काही नसतं. मातीत एक जिवाणू सापडतो, तो विशिष्ट तणनाशक पचवतो. त्याचं ते काम करणारा जनुक आम्ही सोयाबीनमध्ये घातला आहे. त्यामुळे उभ्या पिकावर ते तणनाशक मारलं तर रुंद पानांचं तण मरतं आणि सोयाबीन उभं राहतं. ह्या सोयाबीनचा परागकण टोमॅटोवर पडला तरी काही होत नाही. दोघांचं नातंच नाही. टोमॅटोला त्या जनुकानं काहीही झालेलं नाही. हे पूर्ण खरं आहे, आणि मी कुठल्याही शपथेवर सांगेन.

नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे. निकालाला वेळ लागतो.

नवीन बी टाकायची घाई करू नकोस, पण फार थांबूही नकोस. हंगाम जाईल.

तुझी बहीण

२३ फेब्रुवारी

दादा,

बाई आज बसथांब्यावर भेटल्या. मी टाळत होते असं नाही. पण त्यांनी मला आधी पाहिलं, एवढं खरं.

"उपटलं गं सगळं," म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हणून. माणसं लावून, खड्डा खणून, तुझ्या पद्धतीनं. फक्त पंपाच्या खोलीमागची ओळ ठेवली."

मी म्हटलं, ती का ठेवली?

"मी कुणाचंच सगळं ऐकत नाही. नवऱ्याचंही ऐकलं नाही, तो बिचारा गेला त्यातच." मग म्हणाल्या, "तुझा भाऊ येऊन गेला."

हे मला माहीत नव्हतं. तू इथवर आलास, बाईंना स्वतः भेटलास, नवी रोपं तयार झाली की आधी त्यांना पोचवतो म्हणालास. केंद्राचं फाटक तिथून दिसतं. तू बघितलं असशील. ते दोघं शेतकरीही तिथं होते, आणि त्यातला एकजण म्हणाला, की बहीण केंद्रात आहे म्हणून तुला वाचवेल असं वाटलं होतं, तिनंच उघडं पाडलं. त्यावर तू काय म्हणालास ते बाईंनी जसंच्या तसं सांगितलं, त्यांचं पाठांतर अजून तसंच आहे. "ती म्हणाली म्हणजे रोग आहे. माझी बहीण त्यातली जाणकार आहे. असल्या गोष्टीत ती भावाचंही तोंड बघणार नाही आणि चुकणारही नाही."

मी बसची वेळ बघत होते.

बाई पुढे म्हणाल्या, "आणि काय गं, त्या दिवशी आधी बांधावर वाकून काय उपटत होतीस? मी लांबून बघितलं. म्हटलं, तणाची डॉक्टरीण, हात शिवशिवले असतील. फुकटात बांध साफ झाला माझा." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी हसले. जेवढं हसायला हवं तेवढंच.

दादा, नमुना पाठवलेला नाही. तो फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे. मागच्या पत्रात पाठवला असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

आज एवढंच लिहिते.

२६ फेब्रुवारी

दादा,

क्रमानं लिहिते. मला दुसरं काही येत नाही.

परवानगी देणाऱ्या समितीचे लोक चाचणी बघायला यायचे होते. त्यांना तपकिरी, मेलेलं तण आणि मधे हिरवंगार सोयाबीन दाखवायचं होतं. त्यासाठी फवारणी ठरल्या दिवशीच व्हायला हवी होती. फवाऱ्याचा पंप दुपारी बिघडला आणि दुरुस्त होईपर्यंत ऊन उतरलं. फवारणीवाल्यानं टाकी भरली आणि विचारलं, "मॅडम, घ्यायचं ना? हवा अगदी गच्च आहे."

फवारणीला हो किंवा नाही म्हणणं हे माझं काम आहे. केंद्रात त्यासाठी दुसरं कुणी नाही.

मी वारा मोजायचं यंत्र धरलं. पाती हलतसुद्धा नव्हती. मग समोर बघितलं. लांब कौलांच्या कारखान्याचा धूर होता. तो थोडासा वर गेला होता आणि तिथून आडवा झाला होता. छताला अडल्यासारखा. मग उतारानं खाली, बाईंच्या शेताकडे पसरत होता, अगदी सावकाश, सांडलेल्या पाण्यासारखा.

ह्याचा अर्थ तुला सांगते. ऊन उतरलं की जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार पडते, आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. अशा वेळी वारा नसतो, हेच वाईट. वारा असला तर औषधाचे बारीक थेंब विरून जातात. नसला तर ते विरत नाहीत, वर जात नाहीत, खाली बसत नाहीत. ते गार हवेबरोबर उतारानं सरकतात आणि जिथं पोचतात तिथं एकगठ्ठा पोचतात. आमचं तणनाशक टोमॅटोला इतकं लागतं, की त्याची नुसती वाफसुद्धा पुरते. केंद्रात नवी माणसं येतात त्यांना हे मीच शिकवते. धुराचं चित्रही मीच काढून दाखवते.

नियमावलीत मात्र फक्त वाऱ्याच्या वेगाची मर्यादा आहे. धुराबद्दल ओळ नाही. मी यंत्र फवारणीवाल्याला दाखवलं आणि म्हटलं, शून्य आहे, घ्या.

मला कुणी सांगितलं नव्हतं. केंद्रप्रमुख तेव्हा बाहेरगावी होते आणि त्यांनी फोनही केला नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला तसं वाटायला लागेल.

आता बाईंचं शेत. तिथं पहिल्या टोमॅटोला हात लावायच्या आधीच मला कळलं होतं, कारण मी आधी बांध बघते, सवयीनं. बांधावर काटेमाठ होता, चंदनबटवा होता. दोघांचीही पानं वाटीसारखी वळलेली, दोघांचे शेंडे पिळवटलेले. त्यांच्यामध्ये हरळी मात्र ताठ उभी. ते औषध रुंद पानांना लागतं, गवताला लागत नाही. विषाणूला आपलं झाड ठरलेलं असतं. टोमॅटो, माठ आणि चंदनबटवा तो एकाच आठवड्यात सरसकट वाकडे करत नाही. तो बांध ज्याला वाचता येतो, त्याला दुसरा पुरावा लागतच नाही. आणि तो वाचता येणारी त्या भागात मी एकटी.

बाई ते दोन शेतकरी घेऊन पलीकडून येत होत्या. मी वाकले आणि वाकडं झालेलं सगळं तण उपटलं. माती ओली होती, मुळं सहज आली. पिशवीत भरलं. हरळी ठेवली. मग उभी राहून हात झटकले आणि चुरडामुरडा म्हणाले.

तण उपटायचं शिक्षण मी इतकी वर्षं घेतलं, ते ह्यासाठी वापरलं.

पहिल्या पत्रात मी तुला लक्षणं खरी लिहिली होती. शिरा समांतर, बांधाजवळ जास्त. चुरडामुरड्यात तसं नसतं. तुला ते कळणार नाही हे मला माहीत होतं, तरी खरी लिहिली. कदाचित म्हणूनच खरी लिहिली.

आणि रोपं तुझी आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं, असंही लिहिलं होतं. आताही बचावाला तेच लिहायला बसले होते. मग लक्षात आलं, की रोपं दुसऱ्या कुणा रोपवाटिकेची असती तर मी त्या माणसाला एकही पत्र लिहिलं नसतं. त्याचं दुकान बसलं असतं आणि मी समितीपुढं सोयाबीन दाखवलं असतं. दाखवलंच. त्यांना आवडलं.

आईचं लिहू की नको हे ठरत नाही. तिची पाठ शेवटी सरळ होत नव्हती ते तुला माहीत आहे. वाफ्यात वाकून तण काढून काढून. तणाचं शिकायचं तेव्हाच ठरवलं होतं मी, की बायकांना वाकावं लागणार नाही असं काहीतरी करायचं. ते खरं होतं. अजूनही ते सोयाबीन चांगलं आहे असंच मला वाटतं. त्या जनुकाचा काही दोष नाही. पण बांधावरून परत येताना मी हेच मनात म्हणत होते, आईच्या पाठीसाठी, आईच्या पाठीसाठी. तिला मेल्यावरसुद्धा वाकायला लावलं मी.

उपटलेलं तण फेकलेलं नाही. फेकायला दोनदा काढलं. मग रद्दी कागदात दाबून, दोन पुठ्ठ्यांत बांधून ठेवलं, नमुना ठेवतात तसं. ते उद्या केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवणार आहे.

तू काही करू नकोस. उत्तरही देऊ नकोस.

६ मार्च

दादा,

ठेवलं.

केंद्रप्रमुखांनी पुठ्ठा उघडला, चष्मा कपाळावर चढवला, काटेमाठाचं वाळलेलं पान नखानं सरळ करून बघितलं. ते होत नाही सरळ.

"कुठलं?" म्हणाले.

"बाईंच्या बांधावरचं."

"कधीचं?"

सांगितलं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर काय झालं असतं माहीत आहे? आपण बाईंना भरपाई दिली असती. नियमावलीत धुराची एक ओळ घातली असती. समितीला ती ओळ दाखवून वर शाबासकी घेतली असती. चाचण्या ह्यासाठीच असतात ना गं, की काय चुकतं ते कळावं?"

मी हो म्हटलं.

"आता चाचणी बंद. आता लोक म्हणणार, जनुकाचं पीक घातक आहे, बघा, लपवत होते. जनुकानं काही केलेलं नसताना." मग त्यांनी पुठ्ठा परत बांधला. गाठ त्यांना नीट येत नव्हती, मी मारून दिली. एवढंच माझं तिथलं शेवटचं काम. सध्या मला बियाणं धुऊन वाळवण्याच्या खोलीत बसवलंय. चौकशी होईल. ती व्हायला हवी.

त्याच दुपारी केंद्रप्रमुख आणि मी बाईंकडे गेलो. बाईंनी त्या दोघा शेतकऱ्यांनाही बोलावलं होतं, पंपाच्या खोलीपुढं. मी उभ्यानं सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमानं. मग बाई आम्हाला खोलीमागं घेऊन गेल्या. ठेवलेली ती ओळ. खालची पानं अजून वाकडी, पण वरची नवी पानं सपाट, रुंद, निरोगी. विषाणू लागलेलं झाड असं सुधारत नाही. बाकीचीही बरीचशी अशीच सुधारली असती. आता त्यांच्या जागी खड्डा आहे.

बाई म्हणाल्या, "तुझ्या भावाला मी किती वेळा वर्गाबाहेर उभं केलं. तुला एकदाही नाही केलं. चूकच झाली माझी."

कुणी हसलं नाही. त्यांनाही हसवायचं नव्हतं.

एका शेतकऱ्यानं विचारलं, "म्हणजे रोपवाटिकेत रोग नव्हताच?"

"नव्हता," मी म्हटलं. "बाकी कुणाच्याच शेतात लागण नव्हती, तोच पुरावा होता. रोपं उत्तम होती."

तो म्हणाला, "पण मग जाळली कशाला त्यानं? काहीतरी असल्याशिवाय माणूस हातानं आपली रोपं जाळतो का?"

मी सांगितलं, माझं ऐकून जाळली. त्यानं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. दादा, तू माझं शब्दशः पाळलंस तोच आता तुझ्याविरुद्धचा पुरावा झालाय. मी खोटं बोलले ते चहाच्या टपरीपर्यंत एका दिवसात गेलं. खरं बोलले ते पंपाच्या खोलीमागंच बसलंय.

म्हणून रविवारी येते. फाटकाशी उभी राहीन आणि येईल त्याला स्वतः सांगेन. केंद्राकडून पत्र मिळेल, ते भिंतीला लावता येईल. पण लोक भिंत वाचत नाहीत, तोंड बघतात. वहिनीला माझं जेवण करायला सांगू नकोस. तू हाकललंस तर मी रस्त्यापलीकडे उभी राहीन. तिथून तू मला हाकलू शकत नाहीस, तो रस्ता सगळ्यांचा आहे.

१५ मार्च

दादा,

तू दिवसभर समोर होतास, तरी लिहावं लागतंय, कारण समोर बोलायची सोय तू ठेवली नव्हतीस. तक्रार नाही.

फाटकाशी पसरट ट्रे होता, पाण्यानं भरलेला. वर पाटी होती, तुझ्या हातची, रोपांच्या नावांच्या पाट्या रंगवतोस त्याच हिरव्या रंगात. आत येणाऱ्या प्रत्येकानं बूट बुडवूनच यावं. ओळखीच्यांनाही सूट नाही.

माझेच शब्द. मी ते वाचत थांबले होते. तू आतून रिकामे ट्रे घेऊन आलास, मला बघितलंस, ट्रे खाली ठेवलेस.

"बूट," म्हणालास.

मी बघतच राहिले.

"सगळ्यांनाच लागू आहे, मॅडम."

मी बूट बुडवले. आधी डावा, मग उजवा. लहानपणी तू मला हरळी म्हणायचास, कितीदा हाकलली तरी पुन्हा तुझ्या मागे हजर म्हणून. त्यानंतर आणखी काय काय म्हणालास, पण मॅडम पहिल्यांदाच.

नेटखाली अर्ध्याच वाफ्यांवर ट्रे होते. बाकी वाफे रिकामे. मागच्या कोपऱ्यात जमीन काळी पडलेली दिसत होती. मी तिकडे गेले नाही.

सकाळी आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुला आठवत असेल, छत्रीवाला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि तुला विचारलं, "ह्या कोण?" तू ट्रेमध्ये कोकोपीट, तो नारळाचा भुसा, भरत होतास. मान वर न करता म्हणालास, "केंद्रातल्या आहेत." त्यानं वांग्याची रोपं घेतली. टोमॅटोचं बघू म्हणाला, पुढच्या खेपेला. दुसरी बाई ऐकून न घेताच परत गेली. तिसऱ्यानं सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, की असं खोटं बोलणाऱ्यांना पगार किती असतो. मी सांगितला.

दुपारी वहिनीनं ताट आणलं. "खा गं, भांडण पोटाशी नसतं." मी तिथंच, फाटकाच्या खांबाला टेकून खाल्लं. आत बस असं तू म्हणाला नाहीस. वहिनी म्हणाली, "आज तुझ्यासाठी म्हणून काही केलं नाही हां, उरलेलंच आहे." मग ताटाकडे बघून स्वतःच गप्प झाली, कारण ते ताजं होतं.

ताट ठेवायला वाकले तेव्हा विटांच्या कडेला तण दिसलं. काटेमाठ, कोवळा, सरळ पानांचा, काही न झालेला. हात आपोआप गेला. मुळाशी बोटं पोचली होती.

"राहू दे ते."

तू पाठमोरा होतास. कसं बघितलंस कुणास ठाऊक.

"जिथं आहे तिथं राहू दे," म्हणालास. "इथलं तण मी काढतो."

मी हात मागे घेतला. बोटांना हिरवा वास लागला होता, त्या दिवशी लागला होता तोच. पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी एक जोडपं आलं. नवी जमीन घेतली असावी, हातात रोपांसाठी मोठी टोपली होती आणि दोघांच्या बुटांना माती लागलेली नव्हती. बाईनं पाटी वाचली, ट्रेकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, हे काय नवीन? त्यानं तुला हाक मारून विचारलं, "अहो, हे कशासाठी?"

तू ट्रे भरणं थांबवून माझ्याकडे बघितलंस. दिवसभरात तेवढंच.

"माझ्यासाठी," मी त्यांना म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.